पंधरा छत्र्यांचा राजा आणि बहात्तर डॉलरचे पाहुणे

अहो, ऐकलं का? ब विंगेतले ते निवृत्त बँकवाले, ज्यांना सकाळी आठच्या आत दूधवाल्यानेसुद्धा बेल वाजवलेली खपत नाही, ते कंबोडियात पहाटे साडेचारला दात घासून, टोपी चढवून हॉटेलच्या दारात उभे होते! एकटे नाहीत, सौभाग्यवतींसह. आमचा अख्खा ग्रुपच उभा होता. कशासाठी, तर सूर्य उगवणार होता. आता मला सांगा, डोंबिवलीत काय तो सुट्टीवर असतो?

पण बोलायची सोय राहिली नाही. युरोप सगळ्यांचा झाला, दुबईत पोरंच नोकरीला असतात, बाली हनिमूनवाल्यांनी बळकावलं. मग जरा अभ्यासू दिसायचं असेल तर उरलं काय? ख्मेर देवळं. बँकॉक किंवा हो चि मिन्ह सिटीवरून सियेम रीप गाठायचं, चार-पाच दिवस स्थानिक गाइडच्या छत्रीमागे चालायचं, आपला टूर मॅनेजर शेपटाला, आणि त्याच्या पिशवीत लोणच्याची बरणी. परत आल्यावर पुढचे सहा महिने तोंडात सूर्यवर्मन आणि जयवर्मन हे ख्मेर राजे. परवा हळदीकुंकवाला एक बाई वाण हातात घेऊन सांगत होत्या, ‘मला विचाराल तर सातवा जयवर्मन जरा घाईचाच होता बांधकामात.’ बिल्डर लॉबीतला कुणी ओळखीचा असावा तसं!

त्या सूर्योदयाचं आधी सांगते, कारण सगळ्या उपद्व्यापाचं मूळ तिथे आहे. अंगकोर वाटचं देऊळ पहाटे पाचला उघडतं. भोवतीचा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद, त्यावरून अंधारात मोबाइलचे दिवे लावून ही वरात निघते ती थेट डाव्या हाताच्या तळ्याकडे. उजवीकडेही एक तळं आहे, पण तिकडे कोण जातंय? गाजलेला फोटो डावीकडचा. पहिल्या रांगेत परदेशी मंडळींनी तिवया रोवलेल्या, त्यांच्या पायांमधून आपल्या एका काकूंनी फोन घुसवला आणि शुद्ध मराठीत ‘सरका हो जरा’ म्हटलं. सरकले! भाषेचा अडसर वगैरे सगळं खोटं असतं.

आता गंमत ऐका. हे देऊळ पश्चिमेला तोंड करून उभं आहे. सूर्य उगवतो त्याच्या पाठीमागून. म्हणजे पाचच्या अंधारात धडपडत जाऊन तुम्ही पाहता काय, तर देवळाची काळी आकृती. भिंतींवर सतराशेच्या वर अप्सरा आणि देवता आहेत, केशरचनांचे आणि अलंकारांचे कितीतरी प्रकार. त्या सगळ्या काळोखात. दुपारी तीन-चारला ऊन समोरून पडतं, तेव्हा त्या बायकांच्या कमरेवरच्या वस्त्राची वेलबुट्टीसुद्धा मोजता येते. पण त्या वेळी ग्रुप कुठे? पायाच्या मसाजला! सूर्य वर आला, फोटो झाला, की सातला बस नाश्त्याला परत. पहाटे येऊन तिथेच रेंगाळणारा जो एखादा चिवट माणूस असतो, त्याला पुढचा तासभर ओवऱ्या जवळजवळ एकट्याला मिळतात. आमच्या ग्रुपातून असं रेंगाळायला फक्त एक शाळामास्तर राहिले, आणि त्यांच्यामुळे बसला उशीर झाला म्हणून दोन दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही.

विषुवदिनाचं वेड तर निराळंच. मार्च आणि सप्टेंबरात सूर्य बरोबर मधल्या कळसाच्या टोकावर येऊन बसतो, म्हणून त्या दिवसांत गर्दी विचारू नका. बांधणाऱ्यांनी नेम धरून बांधलं हे खरंच. फक्त त्यांच्या काळी हा नेम बघायला ठरावीक माणसं उभी असतील, इतके टीशर्ट नसतील.

तिकिटाचा विषय निघाला की मात्र घराघरांत भांडणं लागतात. भाव २०१७पासून असे: एका दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२, सात दिवसांचे ७२. तिकिटावर तुमचा फोटो छापतात, म्हणजे ‘आज मला बरं नाही, माझ्या तिकिटावर तू जा’ ही घरगुती सोय बंद. आणि या तीन भावांनी सियेम रीपच्या नाश्त्याच्या टेबलावर तीन वर्ण पाडले आहेत. एकदिवसवाले खालमानेने पोहे शोधतात. तीनदिवसवाले, म्हणजे तुम्हीआम्ही, बहुसंख्य. आणि सातदिवसवाले! ते टेबलावर वही ठेवून बसतात. जांभा दगड कुठे आणि वालुकाश्म कुठे हे त्यांना लांबून कळतं. ‘तुम्ही प्रेआ खान नाही बघितलं? कोह केर पण नाही? अरेरे,’ असं म्हणून ते पपईची फोड तोंडात टाकतात. दहा डॉलरात चार दिवस जास्त मिळतात हे गणित त्यांनी एका गृहिणीला समजावून सांगितलं. तिने त्याच संध्याकाळी नवऱ्याला धारेवर धरलं, की दहा डॉलर वाचवून तुम्ही काय मिळवलंत? नवऱ्याचं म्हणणं, गुडघे तीन दिवसांचेच आहेत.

तुम्ही म्हणाल, ही मिरवण्याची हौस आजची. अजिबात नाही. अंगकोर वाटच्या दक्षिणेकडच्या ओवरीत जा. सुमारे ९० मीटर लांबीची एक मिरवणूक कोरली आहे. बाराव्या शतकात हे देऊळ बांधणारा दुसरा सूर्यवर्मन हत्तीवर उभा आहे, आणि त्याच्या डोक्यावर पंधरा छत्र्या. पंधरा! बाकीच्या सरदारांना कुणाला दहा, कुणाला त्याहून कमी. कुणाची पत किती, ते छत्र्या मोजून कळावं अशी सोय. शिवाय कुणी चुकू नये म्हणून शेजारी नावंही कोरलेली. म्हणजे राजाने स्वतःचा फोटो काढून घेतला तो काढलाच, वर ग्रुपातल्या सगळ्यांना टॅग केलं! मी ती भिंत बघून आल्यापासून नाश्त्याच्या टेबलावर मला माणसं दिसेनात, छत्र्याच दिसायला लागल्या. सातदिवसवाल्यांच्या डोक्यावर तर चांगल्या बारा-तेरा.

त्याच मिरवणुकीत पुढे सयामी सैनिकांची एक तुकडी आहे. ख्मेर सैनिक कवायतीत, शिस्तीत, आणि हे सयामी मात्र फुलाफुलांची वस्त्रं नेसून, माना वळवून, आपसात गप्पा मारत चाललेले. शिल्पकाराने मुद्दाम केलंय हो हे! शेजाऱ्याची टर उडवायची ती इतकी निगुतीने, की नऊशे वर्षं टिकावी. हा कुचाळक्यांचा खरा दर्जा. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर काय असतं, दोन दिवसांत पुसलं जातं.

आणि तिथून चार पावलं पुढे यमाचा दरबार. सदतीस स्वर्ग आणि बत्तीस नरक. यम रेड्यावर, हात भरपूर, चित्रगुप्त हजर. स्वर्गातले लोक वरच्या रांगांत बसून आहेत, नोकर वारा घालतायत, काही घडत नाही. नरक मात्र काय रंगवलाय! नाकात दोरी घालून ओढतायत, अंगात खिळे ठोकतायत, कुठे कुत्रे सोडलेत. आमचा सगळा ग्रुप नरकापुढे वीस मिनिटं खिळून होता. स्वर्ग पाहायला एकही थांबलं नाही. टूर मॅनेजर बिचारा घड्याळ दाखवून दमला. एका वहिनींनी तर कोणत्या पापाला कुठली शिक्षा, हे गाइडकडून लिहून घेतलं. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. आमच्या मजल्यावरच राहतात.

सगळ्यांत नामी भिंत आहे पूर्वेकडे, समुद्रमंथनाची. सूर्योदयाच्या गर्दीपासून देवळाच्या बरोब्बर उलट बाजूला, म्हणून तिथे शांतता. जवळजवळ ५० मीटर लांब, एका बाजूला ९२ असुर, दुसऱ्या बाजूला ८८ देव, मध्ये विष्णू, खाली कूर्म, आणि वासुकीला धरून सगळे एका लयीत मागे झुकलेले. दगडात ओढ दिसते हो, पोटऱ्यांत जोर दिसतो. कुठेकुठे दगड इतका गुळगुळीत चकचकीत झालाय, की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांचं तेल पोचलंय म्हणतात. आता तिथे हात लावायचा नाही हे सांगायला दोरी आहे. त्या दोरीवरून वाकून हात लावणारे कोण, ते मी सांगत नाही. आणि देवांच्या बाजूला, वासुकीची शेपटी धरून, शेवटी एक भलामोठा वानर उभा आहे. हनुमान आहे, असं गाइड म्हणाला. झालं! समुद्रमंथनात हनुमान? ग्रुपात दोन तट पडले. एक तट म्हणे गाइडला काही कळत नाही. दुसरा म्हणे मारुती चिरंजीव आहे, कुठेही जाईल, तुमची परवानगी लागते काय? गाइड शांतपणे पाणी प्यायला. त्याच्यासाठी हे रोजचंच असणार.

खरी खळबळ उडाली ती मात्र चालण्याच्या दिशेवरून. या भिंतींवरच्या कथा क्रमाने बघायच्या तर देऊळ उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला ठेवून फिरावं लागतं. म्हणजे उलटी प्रदक्षिणा! एक आजी जागच्या हलेनात. त्यांना समजावलं, की आजी, पश्चिमेचं तोंड आणि ही अपसव्य दिशा यावरूनच कित्येक अभ्यासक म्हणतात, हे विष्णूचं देऊळ राजाच्या अंत्यविधीशीही जोडलेलं असावं. हे ऐकल्यावर तर आजी बाहेरच जाऊन बसल्या. शेवटी तोडगा असा निघाला, की त्यांनी आपल्या सुनेबरोबर सुलट्या दिशेने जावं आणि कुरुक्षेत्राच्या भिंतीशी सगळ्यांना भेटावं. भेटल्या, आणि त्यांनीच आम्हाला शरपंजरी भीष्म दाखवला. गाइड पोचायच्या आत.

कपड्यांचं प्रकरण काढू की नको? काढतेच. २०१६पासून नियम आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर प्रवेश नाही. घरातून निघताना मुलींना ‘काय हे कपडे’ म्हणणाऱ्या एका सद्गृहस्थांनाच अंगकोर वाटच्या तिसऱ्या मजल्यावर जाताना अडवलं, कारण यांची अर्धी चड्डी! बायकोची ओढणी कमरेला गुंडाळून गेले वर. ओढणीला गोंडे होते. तो फोटो सगळ्या ग्रुपकडे आहे, फक्त त्यांच्याकडे नाही. त्या वरच्या गाभाऱ्याचा जिना असा उभा, की चढताना भक्ती आपोआप येते; बौद्ध उपोसथाच्या दिवशी तो बंद असतो, आणि नेमका त्याच दिवशी पोचलेला ग्रुप पुढे आयुष्यभर टूर कंपनीला शिव्या घालतो.

पण नियम उगाच नाही आला. २०१५ साली काही विदेशी पर्यटकांनी या देवळांत चक्क विवस्त्र होऊन फोटो काढले! दोन अमेरिकन बहिणी प्रेआ खानमध्ये पकडल्या गेल्या आणि त्यांची देशातून रवानगी झाली. शिव शिव! आता तुम्ही म्हणाल, भिंतीवरच्या अप्सरा तरी कुठे अंगभर नेसल्यात? खरंय. पण त्यांना नऊशे वर्षांत एकदाही कॅमेऱ्याकडे बघून जीभ बाहेर काढावीशी वाटली नाही, एवढा फरक मानाल की नाही?

आणि माकडं! अलीकडे युट्यूबवाल्यांनी देवळाच्या आवारातल्या माकडांना खाऊ घालून, चिडवून, त्यांचे व्हिडिओ काढून ती इतकी बिघडवली, की तिथल्या प्रशासनाला बजावावं लागलं. माकडांना माणसांची संगत लागली, बिचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपाचं अवसान गळतं. अंगकोर थोम या जुन्या राजधानीच्या दक्षिण दरवाजाशी ५४ देव आणि ५४ असुर पुन्हा तोच नाग धरून बसलेले बघून एक आजोबा म्हणाले, ‘हे झालं की काल.’ तिथल्या बायोन देवळात शंभरावर दगडी चेहरे चारी दिशांना मंद हसतात. ते चेहरे अवलोकितेश्वराचे की सातव्या जयवर्मनचे स्वतःचे, यावर विद्वानांत अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर पंधरा छत्र्यांवर मात करायला पुढच्या माणसाला काहीतरी करावंच लागणार होतं. जयवर्मन काही सामान्य हौशी नव्हता. ११८१ला गादीवर आला, चाम लोकांनी राजधानी लुटली होती ती सावरली, १०२ रुग्णालयं चालवली, आईसाठी ता प्रोम बांधलं, वडिलांसाठी प्रेआ खान. वर धर्मही बौद्ध. हळदीकुंकवातल्या बाईंचं बरोबर होतं म्हणायचं, घाईचाच होता.

ता प्रोमला मात्र सगळ्यांना पुन्हा तरतरी येते. कारण सिनेमा! २००१च्या ‘टूम रेडर’मध्ये अँजेलिना जोली ज्या मुळांपाशी फिरली, त्या मुळांपुढे फोटोसाठी लाकडी चौथरा बांधलाय आणि चौथऱ्यासाठी रांग आहे. रेशनच्या दुकानात माणसं इतक्या निमूटपणे उभी राहत नसत. नंबर आला की पंधरा सेकंद, दोन बोटांचा विजय, पुढचा. मागे झाडाने छपराला अजगरासारखा विळखा घातलाय, तो कुणी वर मान करून बघत नाही, कारण मान वर केली की हनुवटी फोटोत वाईट येते.

आणि ते झाड जिथे उभं आहे त्या जागेचा शिलालेख काय सांगतो? देवळात राहून सेवा करणारी माणसं १२,६४०. त्यांत नर्तकीच ६१५. आणि हे सगळे धरून देवळाच्या सेवेला जुंपलेली माणसं जवळजवळ ऐंशी हजार. एका बाईच्या पुण्यस्मरणाला! सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला केटरर परवडत नाही म्हणून जी चर्चा होते, तिथे हा आकडा हळूच सांगून बघा.

आपल्याकडच्या पुरातत्त्व खात्याची माणसं ता प्रोमला बरीच वर्षं काम करतायत. तिथला नर्तकींचा सभामंडप दुरुस्त होऊन २०२२ साली खुला झाला. अंगकोर वाटलाही ती १९८६ ते १९९३ होती, म्हणजे देशात सुरुंग पेरलेले आणि यादवी पुरती निवलेली नसताना, जेव्हा बाकी कुणी यायला धजत नव्हतं. त्यांनी दगड ब्रशने आणि रसायनांनी घासले म्हणून पुढे खूप टीकाही झाली. भारतीय माणूस पाहुणा गेला तरी भांडी घासून येतो, असं ग्रुपातले एक विनोदवीर म्हणाले. कुणी हसलं नाही. मला आवडला.

ता प्रोमच्या एका खांबावर वर्तुळात कोरलेला एक छोटासा प्राणी आहे, त्याच्या पाठीवर पाकळ्यांसारखे काहीतरी. डायनोसॉर! असं म्हणणाऱ्यांचा एक जागतिक पंथ आहे. बाराव्या शतकातल्या ख्मेर कारागिराने डायनोसॉर पाहिला. आपले एक इंजिनियर काका टॉर्च मारून, चष्मा पुसून अर्धा तास बघत राहिले आणि निर्णय दिला, ‘गेंडा आहे. मागे झाडाची पानं आहेत.’ एवढं शहाणं वाक्य त्या सहलीत दुसरं ऐकलं नाही, आणि ते ऐकून सगळ्यांचा इतका विरस झाला, की काकांना चहा एकट्याने प्यावा लागला.

आता या सगळ्यावर ताण करणारी भानगड. बांते स्रेई. गावापासून तासाभराच्या वाटेवर, ठेंगणं ठुसकं देऊळ, दगड लालसर गुलाबी. इसवी सन ९६७मधलं. राजाचं नाही हं, यज्ञवराह नावाच्या दरबारातल्या विद्वानाचं. दारं इतकी बुटकी की सहा फुटी माणसाचं कपाळ फुटावं, आणि नक्षी अशी, की लाकडात करायलाही धीर होऊ नये. कोनाड्यातल्या देवतेच्या कानातला झुबा पार खांद्याला टेकलाय. दगडात! एका कमानीवर रावण कैलास हलवतोय, वर पार्वती शंकराला बिलगलीय, खाली हत्ती-सिंह माना वळवून सैरावैरा. ग्रुपात ‘अहाहा’ चाललेलं. हाच प्रसंग दोनशे वर्षं आधी आपल्या वेरूळच्या कैलासावर कोरलाय, हे आठवलं एकाच मुलीला. बाकीच्यांनी वेरूळ शिर्डीवरून परत येताना उरकलेलं. दीड तासात. जेवणासह.

हं, तर भानगड. १९२३च्या अखेरीस आंद्रे मालरो नावाचा बाविशीचा फ्रेंच पोरगा, बायकोचे पैसे शेअर बाजारात घालवून बसलेला, बायकोलाच घेऊन इथे आला. करवती घेऊन! बांते स्रेईच्या देवता भिंतीतून कापून काढल्या, बैलगाड्यांवर लादल्या आणि विकायला निघाला. नोम पेन्हला पकडला गेला. तीन वर्षांची शिक्षा झाली. मग बायको फ्रान्सला परतली आणि पॅरिसच्या बड्या बड्या लेखकांच्या सह्या गोळा केल्या, की हा होतकरू साहित्यिक आहे हो, सोडा त्याला. शिक्षा कमी झाली, तीही तहकूब. मूर्ती परत देवळात बसल्या. आणि तो पोरगा? १९५९ साली फ्रान्सचा सांस्कृतिक मंत्री झाला! घ्या. आपल्याकडे म्हणतात राजकारण नासलंय. होतकरूपणा कसा सिद्ध करावा, हे त्याच्याकडून शिकावं. बायकोचं नाव क्लारा. सह्या तिने जमवल्या, पैसेही तिचेच गेले, आणि गाइडच्या गोष्टीत ती दीड वाक्यात संपते. त्यावर बसमध्ये सगळ्या बायकांचं एकमत झालं, जे जेवणाच्या वेळेवरूनसुद्धा कधी झालं नव्हतं.

जेवणाचं थोडक्यात सांगते. नारळाच्या दुधात वाफवलेला, केळीच्या पानाच्या द्रोणातला मासा म्हणजे आमोक. आमच्यातल्या मालवणी जोडप्याने तो असा चापला, की त्यांना सासुरवाडीला आल्यासारखं झालं. शाकाहारी मंडळींना भात, भाजी आणि संशय. ‘यात फिश सॉस नाही ना?’ हा प्रश्न विचारून विचारून टूर मॅनेजरला ख्मेर भाषेचं तेवढं एक वाक्य अस्खलित येतं. रात्री बाजारात तळलेले कोळी, नाकतोडे आणि विंचू. सगळे ‘ईईई’ करत फोटो काढतात आणि विक्रेती फोटोचेही पैसे मागते. छान करते. पैशांचं आणखी एक: तिथे डॉलर चालतात, पण नोटेचा कोपरा किंचित फाटलेला असला तरी घेत नाहीत. आपल्याकडे सेलोटेप लावलेली नोट दिवसभर फिरवून खपवणारा माणूस तिथे पुरता उघडा पडतो. ब विंगेतल्या बँकवाल्यांची वीसची एक नोट रेमोर्कवाल्याने, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याने, उजेडात धरून परत केली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोटा उजेडात धरल्या त्यांनी!

आणि हे सगळं ‘शोधून काढलं’ कोणी, यावरही वाद घालता येतो. पुस्तकांत आंरी मूओचं नाव. १८६० साली किडे-पाखरं गोळा करत हा फ्रेंच तिथे पोचला, पुढच्याच वर्षी लाओसमध्ये तापाने गेला, आणि मागाहून त्याची दैनंदिनी छापून आल्यावर युरोपला वेड लागलं. शोधलं कसलं? अंगकोर वाटला तेव्हाही बौद्ध भिक्षू राहत होते. आणि त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी, १५८०च्या दशकात, आंतोनियु दा मादालेना नावाचा पोर्तुगीज भिक्षू ते बघून आला होता. त्याच्याकडची माहिती टिपून ठेवली दियोगु दु कोउतु या इतिहासकाराने, आणि हा कोउतु राहायला कुठे? गोव्यात! पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या दफ्तरखान्याचा प्रमुख. म्हणजे बघा, पॅरिसला वेड लागायच्या कितीतरी आधी ही खबर मांडवीच्या काठी पोचली होती. आणि छापून आली विसाव्या शतकात. साडेतीनशेहून जास्त वर्षं गोष्ट पोटात ठेवली! आमच्या ग्रुपातल्या म्हापशाच्या बाईंना हे सांगितल्यावर त्या इतक्या फुलल्या, की शेवटल्या दिवसापर्यंत ‘आमच्या गोंयकारांनी’ असंच सुरू होतं. पाच-सहा छत्र्या त्यांनीही उघडल्या म्हणायच्या.

यावरून आठवलं, खरी जोखीम इथेच आहे. ग्रुपात एक तरी असा निघतोच, जो विष्णू दिसला, शंकर दिसला, भीष्म दिसला, की छाती काढून म्हणतो, ‘हे सगळं आपलंच!’ मोठ्याने म्हणतो. इंग्रजीतही म्हणतो. अहो, ज्यांच्या झेंड्यावर हे देऊळ आहे त्यांच्या अंगणात उभं राहून! बांधणारे ख्मेर, राबणारे ख्मेर, कुरुक्षेत्रावरचे सैनिकसुद्धा ख्मेर वेषात लढतायत. कथा आपल्याकडून गेल्या, दगड कुलेन डोंगरातून आले, आणि त्यापुढचं सगळं त्यांचं. बिहारात या देवळासारखं देऊळ उठणार म्हटल्यावर कंबोडिया सरकारने नाराजी कळवली होती. आणि २००३ सालचं तर माहीत नसेल तुम्हाला: एका थायी नटीने म्हणे ‘अंगकोर वाट थायलंडचं आहे’ असं म्हटलं. म्हणे! ती बाई शपथेवर सांगत होती, मी असं बोललेच नाही. पण तोवर नोम पेन्हमध्ये जमावाने थायलंडची वकिलात जाळली होती. एका वावडीपायी! कुचाळकी करणाऱ्या माणसाने या प्रकरणाचा नीट अभ्यास करावा, मी केलाय.

तर आमच्यातल्या त्या छातीवाल्या गृहस्थांनी शेवटच्या दिवशी परत तेच काढलं. खंदकावरच्या पुलावर, ऊन उतरताना, सगळ्यांदेखत. ‘शेवटी हे आपलंच आहे हो.’ मला धडकीच भरली. गाइडने छत्री मिटली, टोपी सारखी केली आणि अगदी आदराने म्हणाला, ‘मग साहेब, पुढच्या वेळी गेटवर तसं सांगून बघा. आमच्या लोकांना इथे तिकीट नसतं.’